व्हीआरएसचा एक्झॉस्ट : निवडीपासून बसवण्यापर्यंतच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, मॉडेल २०१७. १९८४ सीसीचं टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे, रीमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधला बदल) नाही आणि करायचाही नाही. प्रश्न एवढाच की एक्झॉस्ट बदलायचा का, आणि बदलायचा तर त्यातला नेमका कुठला भाग.

काय हवंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे दुकानात चकचकीत टिप्स (नळीची मागून दिसणारी टोकं) बघून पाय घसरणार नाही. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर इंजिन खेचायला लागलं की त्याचा भरदार आवाज केबिनमध्ये यावा. एक्सप्रेसवेवर शंभरच्या स्थिर वेगात मागे बसलेल्या आईला डोकं धरायची वेळ येऊ नये. पहाटे सोसायटीतून गाडी काढली तर कुणाची झोप मोडू नये. कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जागचा हलणार नाही. आणि जे काही करू ते परत मूळ स्थितीला आणता आलं पाहिजे.

पॉवर या यादीत मुद्दाम धरलेली नाही. का, ते पुढे लिहितो.

११ जानेवारी

गाडी लिफ्टवर घेऊन खालून नीट पाहिली. टर्बोला लागूनच कॅटकॉन, तिथून डाऊनपाईप, मग फ्लेक्स जॉइंट. पुढे गाडीच्या तळाशी असलेल्या बोगद्यातून जाणारी नळी, तिच्यावर मधला रेझोनेटर (ठराविक सूर दाबणारा छोटा डबा). मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे बंपरखाली आडवा पडलेला मोठा सायलेन्सर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टिप.

मला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त आनंद झाला ती नळीवर बोटाने चाचपल्यावर सापडली. मधला रेझोनेटर आणि मागचा सायलेन्सर कारखान्यातून एकसंध येतात, पण मधल्या नळीवर तीन छोटे खळगे ठोकलेले असतात. मागचा सायलेन्सर एकटाच बदलायचा झाला तर मधल्या खळग्यावर कापायचं आणि बाजूच्या दोन खळग्यांच्या दरम्यान स्लीव्ह क्लॅम्प बसवायचा, अशी कंपनीचीच सोय. म्हणजे इथे कापलं तर मूळ सायलेन्सर त्याच क्लॅम्पने कधीही परत जोडता येतो. दुसरीकडे कुठेही कापलं की परतीची वाट अवघड होते. खडूने खूण करून फोटो काढून ठेवला.

१४ जानेवारी

ओळखीच्या लोकांचा पहिला सल्ला: हेडर, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बदल. या गाडीला तो लागूच होत नाही. हिच्या ईए८८८ इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या ओतकामातच आहे, त्याच्याभोवती कूलंट फिरतो आणि टर्बो थेट हेडला बोल्ट होतो. बदलायला वेगळा हेडरच नाही.

दुसरा सल्ला: डाऊनपाईप टाक, कॅटकॉन काढ, मग बघ गाडी कशी उडते. टर्बो गाडीत वायूला सगळ्यात मोठा अडथळा टर्बाइनचाच असतो, त्यानंतर कॅटकॉनचा, म्हणून हा सल्ला देणारे हवेत बोलत नाहीत. पण कॅटकॉन काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर ते लगेच ओळखतो, पी०४२० (कॅटकॉन नीट काम करत नाही) या कोडचा दिवा लागतो, मग तो दिवा विझवायला सॉफ्टवेअरमध्ये हात घालायचा. एवढं करून आपल्यामागे थांबलेल्या दुचाकीवाल्याच्या नाकात जायचं ते कच्चं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड. मला हे मान्य नाही. कोथरूडच्या सिग्नलवर माझ्या मागे एखादं शाळकरी पोर आईच्या स्कूटरवर बसलेलं असतं.

कॅटकॉनच्या मागचं सामान बदलून मूळ ट्यूनवरच्या टर्बो गाडीत जी पॉवर मिळते ती डायनोच्या (पॉवर मोजायच्या यंत्राच्या) दोन चाचण्यांमधल्या फरकात हरवून जाईल एवढीच. म्हणून तीन इंची नळीचा आग्रहही मी सोडला. दीड मिलिमीटर जाडीची ७६ मिलिमीटरची नळी घेतली तर वाहायला मिळणारी जागा ६३.५ मिलिमीटरच्या (अडीच इंची) नळीच्या तुलनेत जवळजवळ ४५ टक्क्यांनी वाढते. कागदावर छान दिसतं. पण २३० पीएसला तेवढी गरज नाही, आणि मोठी नळी म्हणजे अ‍ॅक्सलजवळ कमी मोकळी जागा आणि खालच्या सुरात जास्त घरघर.

१९ जानेवारी

कायद्याचा भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाज किंवा धुराचे निकष मोडणाऱ्या गाडीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुण्यात बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली चिरडतानाचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत.

कारला मान्यता देताना साडेसात मीटरवरून जाताना तिचा आवाज मोजतात, मर्यादा ७४ डेसिबल. ही चाचणी ट्रॅकवर होते, पार्किंगमध्ये करता येत नाही. म्हणून स्वतःसाठी एक कसोटी ठरवली: टिपपासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांत, टिपच्याच उंचीवर मीटर धरायचा, गाडी उभी, ३५०० फेऱ्या. मूळ सायलेन्सरवर जो आकडा येईल त्याच्यापेक्षा दोनहून जास्त डेसिबल वाढ चालणार नाही. ही कसोटी पाळली म्हणून कायदेशीर परवाना मिळतो असं अजिबात नाही. सायलेन्सर बदलणाऱ्याने ती जोखीम समजून घेऊनच पुढे जायचं. पण शेजाऱ्यांच्या कानाला काय ऐकू येणार याचा हिशेब तरी हातात राहतो.

मूळ सायलेन्सरवर माझ्या मीटरचा आकडा: ८२.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस सगळ्यात कामाचा. एका मित्राची हीच गाडी आहे. त्याने मधला रेझोनेटर काढून तिथे सरळ नळी टाकली आहे, मागचा सायलेन्सर मूळचाच. ‘रेझोनेटर डिलीट’ सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून फार चालतो. उर्से टोल ओलांडून लोणावळ्याकडे दोघांच्या गाड्या आळीपाळीने चालवल्या.

गाडी खेचताना त्याचा आवाज खरोखर छान आहे, मोकळा आणि थोडा खरखरीत. पण शंभरला, सहाव्या गिअरमध्ये, २२०० फेऱ्यांच्या आसपास काटा स्थिर झाला आणि कानात दडे बसल्यासारखं झालं. काच दोन बोटं खाली केली की कमी, वर केली की परत. घाट लागेपर्यंत आम्ही दोघंही नकळत मोठ्याने बोलत होतो.

गणित असं आहे. चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे २२०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ७३. एक्झॉस्टचा मूळ सूर ७३ हर्ट्झ. आता केबिन बघा. ऑक्टाव्हियाची डिकी मागच्या काचेसकट उघडते, डिकी आणि केबिन यांच्यामध्ये फक्त एक पार्सल ट्रे, त्यामुळे आवाजाच्या दृष्टीने सगळी मिळून एकच खोली. तिची लांबी अडीच ते तीन मीटर धरली तर त्यात अर्धी लहर बसणारा सूर ५७ ते ६९ हर्ट्झ येतो. इंजिनाचा सूर खोलीच्या सुराच्या शेजारीच येऊन बसतो आणि ती अख्खी खोली घुमायला लागते. प्रवासाचा वेग आणि गाडीची लांबी यांनी मिळून हे ठरवलेलं आहे. सायलेन्सर कितीही महागडा घेतला तरी त्याने नेमका हाच सूर अडवला नाही तर पैसे वाया.

मीटरबद्दल एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो, कारण यावर सगळे फसतात. केबिनमध्ये मीटर डीबी-ए वर ठेवून त्याच्या गाडीत ७१ आले, माझ्या गाडीत ६८. तीनचाच फरक, कुणालाही वाटेल की काही विशेष नाही. पण ‘ए’ ही मोजणी ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा करते. घुमणारा सूर तिला जवळजवळ दिसतच नाही. मीटर ‘सी’ वर फिरवला, जिथे त्याच सुराला एक डेसिबलसुद्धा वजा होत नाही, तेव्हा माझ्या गाडीत ८९ आणि त्याच्या गाडीत ९८. कानाला जे जाणवत होतं ते हे. कुणी ‘ड्रोन (म्हणजे हे घुमणं) नाही, मी मोजलंय’ म्हणाला तर त्याला पहिलं विचारायचं, ए वर मोजलंस की सी वर.

परत येताना एक गोष्ट पक्की केली. मधल्या रेझोनेटरला हात लावायचा नाही. बदललाच तर मागचा सायलेन्सर.

६ फेब्रुवारी

आयात केलेले सेट बघितले. इंग्लंडच्या मिलटेककडे या गाडीसाठी रेझोनेटरसहित आणि रेझोनेटरविना असे दोन्ही पर्याय आहेत. घ्यायचा तर पहिला. ऑस्ट्रियाच्या रेमसचं मला आवडतं ते म्हणजे युरोपात मान्यता घेऊन विकलेले सेट. बदली सायलेन्सरसाठी तिकडे यूएनचं रेग्युलेशन ५९ आहे, ते पास झालं की डब्यावर वर्तुळात ई आणि देशाचा आकडा येतो, ऑस्ट्रियाचा १२. भारत त्या १९५८ च्या करारात सामील नाही, त्यामुळे हा ई-मार्क आपल्याकडे परवान्याचं काम करत नाही. तरी कुणीतरी आवाज शास्त्रशुद्ध मोजलाय याची खात्री त्यातून मिळते, आणि ती मोठी गोष्ट आहे.

अडचण एकच. मी बघितलेले सेट कॅटकॉनपासून मागचं पूर्ण सामान बदलतात. मला फक्त मागचा डबा हवाय. शिपिंग आणि ड्युटी धरून जे पैसे होतील त्यातले निम्मे मी ज्या भागावर समाधानी आहे तो बदलण्यात जातील. बाद.

९ फेब्रुवारी

भोसरी. एमआयडीसीत एका गाळ्यात एक काका आहेत, रेसिंगच्या गाड्यांचे आणि जनरेटरचे सायलेन्सर बनवतात. जनरेटरचं ऐकून मला उलट बरं वाटलं. जनरेटर एकाच फेऱ्यांवर दिवसभर चालतो, त्यामुळे एक विशिष्ट सूर मारणं हे त्यांचं रोजचं काम.

भिंतीला उभे चिरलेले सायलेन्सर टांगलेले. एकात जाळीदार नळी आणि भोवती भरलेली काचेची लोकर, नळीच्या तोंडाकडची लोकर उडून जाऊन तिथे नुसती पोकळी. एकात पत्र्याचे पडदे आणि उलटसुलट नळ्या. काकांनी तिसरा दाखवला, बाजारातला, बाहेरून आरशासारखा. आत वेल्डिंगच्या रेषेवर काळे, साखरेच्या खड्यांसारखे दाणे. “हे आर्गन वायू आतून न सोडता टिग वेल्डिंग मारलंय. बाहेरून बघाल तर नाणं. इथूनच तडकतं दोन पावसाळ्यांत.”

मी खिशातून चुंबक काढलं. मूळ एक्झॉस्टला चिकटतं, कारण तो कमी क्रोमियमचा फेरिटिक स्टील असतो; मला हव्या असलेल्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला चिकटू नये. काका म्हणाले, “दादा, चुंबकावर जाऊ नका. २०२ पण चिकटत नाही, आणि ३०४ म्हणून तेच खपवतात.” टेबलाच्या खणातून एक छोटी बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी काढली. नळीचे दोन तुकडे शेजारी ठेवून दोन्हीवर एकेक थेंब टाकला, बॅटरीचं एक टोक नळीला, दुसरं थेंबात. एका तुकड्यावर थेंब काही सेकंदांत लालभडक झाला, म्हणजे मॅंगनीजवाला २००चा माल. दुसऱ्यावर पिवळसर राहिला. भंगारवाले याच थेंबावर माल तोलतात. मी माझ्या नळीवर, वेल्ड करायच्या आधी, माझ्यासमोर हीच टेस्ट करायची असं कोटेशनवर लिहून घेतलं. ते हसून हो म्हणाले.

१६ फेब्रुवारी

काकांबरोबर डिझाइन. पहिला विचार होता नळीला एक आंधळी शाखा काढायचा, तिची लांबी लहरीच्या पाव भागाएवढी. वायू २०० अंशांच्या आसपास असताना त्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ४३५ मीटर. ७३ हर्ट्झसाठी शाखा दीड मीटर लांब हवी. बंपरखाली एवढी नळी वळवून बसवायला जागा नाही.

मग दुसरा मार्ग. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा एक ठरलेला सूर निघतो; त्याच तत्त्वावर मुख्य नळीला एक बंद खण जोडला तर तो खण तेवढाच सूर गिळतो. डब्याचे दोन भाग करायचे. पहिल्यात जाळीदार नळ्या आणि भोवती लोकर, हा भाग वरच्या सुरांची खरखर मारेल. दुसरा आठ लिटरचा बंद खण, त्यात उघडणारी ४० मिलिमीटर आतल्या व्यासाची, दहा सेंटिमीटर लांब मान. मानेच्या टोकांबाहेर हलणारी थोडी हवाही धरून हिशेब ७४ हर्ट्झच्या जवळ येतो. मान आधी थोडी लांब ठेवायची आणि गरजेप्रमाणे कापत जायची, कारण कापता येतं, वाढवता येत नाही. काकांनी जनरेटरसाठी हेच करून ठेवलेलं होतं, फक्त आकडे वेगळे.

नळी ६३.५ मिलिमीटर, ३०४, दीड मिलिमीटर जाड, बेंड सगळे मॅंड्रेलवरचे, म्हणजे वळणात नळी चेपलेली नसते. डब्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचं भोक, साचलेलं पाणी निघायला. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये डबा पूर्ण तापत नाही आणि आत पाणी राहतं.

टिप मूळच्याच. मागून बघून बदल ओळखू येऊ नये, एवढंच.

९ मार्च

बसवलं. मधल्या खळग्यावर कापलं, कड घासून गुळगुळीत केली. मूळ डबा सुखरूप बाहेर आला.

एका गोष्टीवर काकांनी अर्धा तास घालवला आणि मला ते फार आवडलं. ३०४ तापल्यावर मूळच्या स्टीलपेक्षा जास्त वाढतं. मीटरभर नळीचं तापमान २०० अंशांनी वाढलं तर तिची लांबी जवळजवळ साडेतीन मिलिमीटरने वाढते, मूळच्या स्टीलची त्याच्या दोन तृतीयांश. डबा आडवा असल्यामुळे ही वाढ दोन्ही टिपांकडे जाते. म्हणून थंड असताना टिप आणि बंपरमध्ये जागा नेहमीपेक्षा जास्त ठेवली आणि हँगरची रबरं आतल्या बाजूला किंचित कललेली, गरम झाल्यावर सरळ व्हावीत अशी. वीस मिनिटं गाडी चालवून परत लिफ्टवर घेतली तर रबरं खरोखर उभी झाली होती.

उभ्या गाडीची मोजणी, ३५०० फेऱ्या: ८६. कसोटीच्या बाहेर. डबा उतरवला, पहिल्या भागातली जाळीदार नळी लांब केली, लोकर दाबून भरली, नळीभोवती आधी स्टील वूल गुंडाळली म्हणजे काचेची लोकर झोताने उडणार नाही. पुढच्या रविवारी परत.

१६ मार्च

८३. चालेल.

एक्सप्रेसवेवर शंभरला: ए वर ६८, सी वर ९२. मान दीड सेंटिमीटर कापली तर ९०. मूळ सायलेन्सरपेक्षा एकच जास्त. इथेच थांबलो.

आणि खेचताना? तिसऱ्या गिअरमध्ये २५०० वरून पाय दाबला की साधारण तीन हजारांपासून छातीशी जाणवणारा गोल, जाड आवाज येतो, साडेचार हजारांच्या पुढे त्यात धार येते, आणि गिअर बदलताना एक छोटासा ठसका. मूळ डब्यात हे सगळं होतं, पण उशीखाली दाबल्यासारखं ऐकू यायचं. मला जो आवाज हवा होता तो हाच. आई मागे बसून पनवेलपर्यंत आली. कामशेतच्या आधीच तिला डुलकी लागली.

२० मार्च

पहाटेची चाचणी. थंड इंजिन सुरू झाल्यावर कॅटकॉन लवकर तापावा म्हणून फेऱ्या वर ठेवतं आणि इग्निशन उशिरा देतं, त्यामुळे पहिलं मिनिटभर कुठलाही एक्झॉस्ट नेहमीपेक्षा मोठा वाजतो. निवडताना लोक गरम गाडी ऐकतात आणि हा एक मिनिट विसरतात, पण शेजाऱ्यांच्या वाट्याला रोज तोच येतो. तळमजल्यावरच्या आजोबांना आधीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, गाडी गेली तेव्हा कळलं, सुरू झाली तेव्हा नाही.

पीयूसी केलं, पास. माझ्यासारख्या बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, माझे दोन्ही आकडे तिच्या खूप खाली. कॅटकॉन जागेवर असल्यावर हे व्हायलाच हवं.

५ एप्रिल

क्लॅम्पचे नट परत आवळले, एक पाव फेरा घेतला. जोडावर काजळीचा डाग नाही, म्हणजे गळती नाही. विमा कंपनीला बदलाचं पत्र दिलं, पोच घेतली आणि गाडीच्या कागदांत लावली. मूळ डबा तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर.

बाकी काम: पावसाळ्यानंतर डबा उतरवून लोकर बघणे, पाण्याचं भोक मोकळं आहे का बघणे, आणि सी वरची मोजणी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला परत घेणे. लोकर बसली की आधी वरची खरखर वाढते, तो आकडा ए वर दिसेल, म्हणून दोन्ही घ्यायचे.